पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांची मुंबई

मुंबई विद्यापीठाची स्थापना 18 जुलै 1857 ची. तेव्हा विद्यापीठाला ना स्वतःची इमारत होती, ना स्वतःचे वर्ग. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर काढलेली ती केवळ परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवायचे महाविद्यालयांनी, पारखायचे विद्यापीठाने, ही वाटणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत जवळपास तशीच राहिली. 1859 मध्ये पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली. शंभरावर मुले बसली आणि पार पडली ती वीस-बावीस. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. 1862 मध्ये वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्यासह हे दोघे बी.ए. झाले आणि पहिल्या पदवीधरांची ही चौकडी महाराष्ट्राच्या इतिहासात कायमची जाऊन बसली. दारातून परत पाठवलेल्या शंभराचे पुढे काय झाले, हे मात्र आपण विचारत नाही. खरे तर पुढच्या दीडशे वर्षांत गिरगाव, परळ, लालबाग आणि दादर येथल्या घराघरांतला अनुभव या शंभरांच्या जवळचा आहे, त्या चौघांच्या नव्हे. मॅट्रिकला गचकलेला मुलगा पुन्हा कसा बसला, कशाच्या बळावर बसला आणि ज्याला पुन्हा बसता आले नाही त्याला कशाने अडवले, याचा माग काढला तर या शहराच्या शिक्षणाचा एक वेगळाच इतिहास हाती लागतो. आपण दुसऱ्या प्रयत्नाची गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगतो. पुरावा असे सांगतो की जिद्द पुष्कळांकडे होती. नियमात जागा, हातात एक जास्तीचे वर्ष, अभ्यासाला कोपरा आणि तेवढ्या काळाचा खर्च या चार गोष्टी मोजक्यांकडे होत्या, आणि निकाल बहुतेक वेळा त्यांनीच ठरवला.

धोंडो केशव कर्वे यांची हकीकत शाळेच्या पुस्तकातून अनेकांना ठाऊक आहे, पण ती नीट वाचलेली नसते. मुरूडच्या या मुलाला मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती झाली की नोकरीचा आणि पुढच्या शिक्षणाचा रस्ता खुला होई. परीक्षेचे ठिकाण सातारा. समुद्रमार्गे जाण्याचा बेत हवामानाने फसला, म्हणून शंभर मैलांहून अधिक वाट सोबत्यांबरोबर डोंगर चढून-उतरून पायी तुडवत ते साताऱ्याला पोचले. तिथे परीक्षा समितीच्या प्रमुखाने त्यांच्याकडे पाहिले, हा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरवले आणि परीक्षेलाच बसू दिले नाही. पुढच्या खेपेला कर्वे कोल्हापूर केंद्रातून बसले आणि पास झाले. मग मुंबईत रॉबर्ट मनी शाळा, 1881 मध्ये मॅट्रिक, एल्फिन्स्टन कॉलेज, 1884 मध्ये बी.ए., आणि शिकवण्या करून चालवलेला संसार. या हकिकतीत पायपीट सगळ्यांच्या लक्षात राहते. मला महत्त्वाचे वाटते ते कोल्हापूरचे केंद्र. एका समितीने नाकारलेल्या मुलाला दुसऱ्या ठिकाणी, पुढच्या वर्षी, दुसऱ्या परीक्षकांसमोर उभे राहता येत होते आणि साताऱ्याचा नकार त्याच्या कपाळावर शिक्क्यासारखा उमटला नव्हता. नियमात एवढी फट नसती, तर घाट ओलांडून आलेल्या त्या पायांचा काही उपयोग झाला नसता. याच कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढले. 1936 मध्ये ते विद्यापीठ मुंबईत आले आणि घर सांभाळून, बाहेरून परीक्षा देण्याची सोय अनेक स्त्रियांना त्याच्यामुळे मिळाली. उशिरा सुरुवात करणाऱ्यासाठी दार उघडे ठेवावे लागते, ही जाण त्या विद्यापीठाच्या रचनेत दिसते.

वयाचा हा प्रश्न किरकोळ नव्हता. साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत, तोच हत्यारासारखा वापरला गेला. 1869 मध्ये लंडनला चार हिंदी तरुण या परीक्षेत यशस्वी झाले. त्यांतले सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर यांची नावे वयाच्या कारणावरून यादीतून काढली गेली. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, विलायतेत पूर्ण झालेली वर्षे मोजतात. या फरकातून उभा राहिलेला आक्षेप दोन तरुणांचे आयुष्य फिरवायला पुरेसा होता. सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंच न्यायालयात धाव घेतली आणि अखेर दोघांचीही नावे पुन्हा यादीत आली. पण त्याहून बोलका आहे तो वयोमर्यादेचा प्रवास. 1855 मध्ये वरची मर्यादा 23 होती. ती खाली येत येत 1878 मध्ये 19 वर आली. हिंदुस्थानातून निघून, परक्या देशात परक्या भाषेत तयारी करणाऱ्या मुलाला 19 व्या वर्षापर्यंत एक प्रयत्न करता आला तरी खूप. दुसऱ्या प्रयत्नाला वेळच उरत नसे. ‘हिंदी लोकांना बंदी’ असे कुठेही लिहावे लागले नाही. परीक्षा सर्वांसाठी एकच होती, प्रश्नपत्रिका एकच होती, आणि तरीही पुन्हा येण्याची वाट बंद केल्याने दार अर्धे लागले. इंडियन नॅशनल काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात, 1885 मध्ये मुंबईच्या गोवालिया टँकजवळ जमलेल्या मंडळींनी ही परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी आणि वयोमर्यादा वाढवावी अशी मागणी केली, ती हे ओळखूनच.

आता शहरात येऊ. गिरगावातल्या पांढरपेशा कुटुंबातला मुलगा आणि परळ-लालबागच्या गिरणगावातला मुलगा, दोघे एकाच वर्षी मॅट्रिकला बसले आणि दोघे एकाच विषयात गेले असे धरू. गिरगावातल्या घरी चार दिवस बोलणी बसत, मग कुठल्या तरी नातेवाइकाकडून मागच्या वर्षीची पुस्तके येत आणि गणिताला शिकवणी लावली जाई. बाप कचेरीत कारकून असला तरी पगार ठरलेला होता आणि मुलाचे एक वर्ष घराला झेपत होते. ठाकूरद्वारच्या परिसरात 1898 पासून मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय होते, चौपाटीसमोर विल्सन कॉलेज होते, आजूबाजूला पास झालेली मुले होती. गिरणगावात गणित वेगळे होते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा बदली कामगार म्हणून उभा राहू शकत असे, त्यामुळे त्याच्या अभ्यासाचे प्रत्येक वर्ष म्हणजे घरात न आलेले एक वर्षाचे वेतन. नापास झाल्यावर त्याला पुन्हा बसवायचे की सकाळी गिरणीच्या दारावर पाठवायचे हा निर्णय मुलाच्या बुद्धीवर होत नव्हता. तो किराण्याच्या उधारीवर आणि गावाकडे पाठवायच्या मनिऑर्डरीवर होत होता. म्हणून दोन मुलांचा तोच निकाल एका घरात ‘वर्ष गेलं’ असा आणि दुसऱ्या घरात ‘शाळा सुटली’ असा होई.

गिरणगावातल्या खोलीत अभ्यास म्हणजे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट चित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत सापडते. त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. स्वयंपाक, सामान, माणसे, सगळे तेवढ्यातच. चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे की वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवत आणि स्वतः मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत जागून मग त्याला उठवत. घर निजलेले असताना, काच नसलेल्या चिमणीच्या उजेडात भीमरावांनी अभ्यास करायचा. जागा एकच असल्यामुळे बापलेकांनी रात्र वाटून घेतली होती. 1907 मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया, आणि 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. इथे पुन्हा नियमाची फट कामी आली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिली होती. त्या परवानगीला मुदत होती आणि ती मुदत भरून काढायला पैसा लागणार होता. 1918 ते 1920 त्यांनी सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि परळच्या पोयबावडीतल्या बी.आय.टी. चाळीत राहून काटकसरीने रक्कम साठवली. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि घरचा भार रमाबाईंनी दोन खोल्यांत ओढला. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

त्यानंतरचा नकार तर परीक्षकांकडूनच आला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध मार्च 1923 मध्ये स्वीकारण्याची शिफारस झाली नाही. प्रबंधातली ब्रिटिश चलनधोरणावरची टीका परीक्षकांना बोचली असे अनेक ठिकाणी लिहिले जाते. लंडनच्या संस्थेने जपलेल्या त्यांच्या फाइलमध्ये मात्र तसा उल्लेख सापडत नाही. कारण काहीही असो, घडले ते असे: एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, प्रबंध सुधारला, ऑगस्टमध्ये पुन्हा सादर केला, नोव्हेंबरमध्ये तो स्वीकारला गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. भारताच्या अर्थविचारातला एक पायाभूत ग्रंथ आज आपल्या हाती आहे, तो फेरसादर करता येतो असा विद्यापीठाचा नियम होता म्हणून.

यावर एक आक्षेप सहज येईल, आणि तो रास्त आहे. कर्वे आणि आंबेडकर ही असामान्य माणसे. त्यांच्या उदाहरणावरून सामान्य विद्यार्थ्याबद्दल काय सिद्ध होते? उलट त्यांनी हेच दाखवले की कणखर माणूस कोणत्याही परिस्थितीत वर येतो. माझे उत्तर असे की हीच उदाहरणे मी मुद्दाम घेतली. इतक्या असामान्य माणसांनाही दुसरे केंद्र, चार वर्षांची परवानगी, पाच हजारांचे कर्ज आणि फेरसादरीकरणाचा नियम लागला, तर ज्याच्याकडे साधारण बुद्धी आणि साधारण धीर आहे त्याला किती आधार लागत असेल? बाबासाहेबांनी स्वतः हा निष्कर्ष काढला होता. 1946 च्या जूनमध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले गेले, म्हणजे विद्यार्थ्याला त्यानंतर कचेरीत कामावर जाता यावे. वेळापत्रकातला हा एक बदल. पण ‘शिकायचे की कमवायचे’ या प्रश्नावर शाळा सोडलेल्या शेकडो तरुणांना त्याने परत वर्गात आणले.

त्याआधीची परंपराही मोठी आहे. गिरगावच्या प्रार्थना समाजाने एकोणिसाव्या शतकातच मजुरांसाठी रात्रशाळा चालवल्या. 1911 मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, मोफत वाचनालये, फिरती ग्रंथालये यांचे जाळे विणले. परळचा दामोदर हॉल याच कामाची खूण. रात्रशाळा चालवणे म्हणजे संध्याकाळी दिवा लावून फळा पुसणे एवढेच नव्हते. गिरण्यांत पाळ्या असत आणि त्या बदलत. पहिल्या पाळीला असलेला विद्यार्थी संध्याकाळी वर्गात येई. पाळी बदलून तो दुसऱ्या पाळीला गेला की त्याची शाळेची वेळ नेमकी सांच्यावर जाई. तो कामचुकार नव्हता की मंद नव्हता, तरी वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम त्याच्या हातून निसटे आणि मार्चला तो एक-दोन विषयांत अडके. अशा मुलाला दहा-बारा महिने थांबवणे म्हणजे त्याला कायमचे गमावणे. म्हणूनच 1949 मध्ये मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतल्यावर रूढ झालेल्या ऑक्टोबरच्या परीक्षेचे मोल गिरणगावाला जास्त कळले. ऑक्टोबरच्या वारीची चेष्टा पुष्कळ झाली, पण त्या वारीने अडकलेला विषय सुटे आणि मुलगा बँकेच्या, पोस्टाच्या, महापालिकेच्या अर्जावर ‘एस.एस.सी. पास’ लिहू शके. शाळा सुटलेल्यांसाठी सतरा नंबरचा फॉर्म होता. तो भरून बाहेरून बसणाऱ्यांत गिरणी कामगार होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या, लग्नानंतर शिक्षण तुटलेल्या मुली होत्या. विद्यापीठात केटी लागली तरी पुढच्या वर्षात बसू देण्याची सोय याच जातीची. 2015 मध्ये दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैमध्ये आणली गेली, म्हणजे मूल त्याच वर्षी अकरावीत जाऊ शकेल. शिक्षण खात्याच्या निर्णयांबद्दल चांगले लिहिण्याची वेळ फार येत नाही, पण हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

जागेचा प्रश्न मात्र खात्याने कधीच सोडवला नाही. तो मुलांनी सोडवला. बी.डी.डी. चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, तीत एक कुटुंब, कित्येकदा पाहुणा आणि भावकीतला एखादा गिरणी कामगारही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींजवळ सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. पत्त्यात तेच नाव लिहितात, पण पंचक्रोशीत त्याला ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. फारशी रहदारी नाही, झाडे आहेत, रस्त्याचे दिवे आहेत. मुले संध्याकाळी घरचे काम आटोपून पुस्तके घेऊन येतात, दिव्याखालची जागा धरतात आणि उशिरापर्यंत वाचतात. दहावीच्या मुलाशेजारी सी.ए.चा तिसरा प्रयत्न करणारा आणि त्याच्यापलीकडे राज्यसेवेची तयारी करणारी मुलगी बसलेली असते. कोण कितव्यांदा बसतो आहे हे तिथे विचारले जात नाही. या गल्लीचे कौतुक होते ते योग्यच आहे. तरी तिच्याकडे पाहताना माझ्या मनात आधी राग येतो. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत पिढ्यान् पिढ्या मुलांना अभ्यासासाठी रस्त्यावर यावे लागले.

दुसरा आक्षेप आजच्या काळातून येतो. पुन्हा पुन्हा बसण्याची मुभा आता गरिबाच्या उपयोगाची राहिलेली नाही, असे म्हणतात. दादर स्टेशनच्या दोन्ही अंगांना क्लासच्या पाट्या आहेत, त्यांच्या रिपीटर बॅचची फी सामान्य घराला झेपणारी नाही, आणि एक वर्ष ‘ड्रॉप’ घेऊन केवळ तयारी करणे ही पैसेवाल्यांची चैन झाली आहे. म्हणून प्रयत्नांवर मर्यादा हवी. जेईई अॅडव्हान्स्डला सलग दोन वर्षांत दोनच प्रयत्न आहेत, ते याच विचारातून. आक्षेपातले निदान खरे आहे. औषध चुकीचे आहे. प्रयत्न मर्यादित केले की पैशाचे वजन कमी होत नाही. ते पहिल्या प्रयत्नात एकवटते. ज्याला आठवीपासून क्लास लावता आला, तो पहिल्याच खेपेला तयार असतो. ज्याला अशी परीक्षा असते हेच बारावीत कळले, त्याची खरी तयारी दुसऱ्या वर्षी सुरू होते, आणि नेमके तेव्हा दार मिटू लागते. 19 वर्षांच्या मर्यादेने सिव्हिल सर्व्हिसमध्ये केले ते हेच. याउलट वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला प्रयत्नांची मर्यादा नाही, आणि 2022 मध्ये वरच्या वयाची अटही काढली गेली. त्यामुळे परीक्षा सोपी झाली नाही, डॉक्टर कच्चे निघाले नाहीत; उशिरा जागा झालेला विद्यार्थी रांगेत राहिला, एवढेच.

तरीही या आक्षेपातला एक भाग मी पूर्ण मान्य करतो. दुसऱ्या संधीचे गोडवे गात राहिलो की जागाच कमी आहेत हे झाकले जाते. दहा जागांसाठी शंभर मुलांना कितीही वेळा बसवले तरी नव्वद बाहेरच राहतात, वरून त्यांची वर्षे जातात, आणि त्या वर्षांत घरातल्यांचे टोमणे, शेजाऱ्यांच्या चौकशा, पुढच्या प्रवेशाच्या वेळी मागितले जाणारे गॅपचे प्रतिज्ञापत्र हे सगळे त्या मुलाला सोसावे लागते. कित्येकांनी त्या ताणात जीव गमावला आहे. शहराच्या या भागातल्या जुन्या पिढीला हे कळत होते, म्हणून तिने पुन्हा बसण्याची सोय केली आणि त्याच जोडीने नवी दारेही बांधली. 1926 मध्ये परळला गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले ते हिंदी डॉक्टरांना अध्यापनाच्या जागा नाकारल्या जात होत्या म्हणून, आणि देणगीदारांची अटच होती की तिथले अध्यापक हिंदी असावेत. 1937 मध्ये माटुंग्याला रुईया, 1954 मध्ये दादरला कीर्ती, 1962 मध्ये परळला महर्षी दयानंद अशी महाविद्यालये चालत जाण्याच्या अंतरावर आली, तेव्हा गिरणगावातल्या मुलाचा आगगाडीचा पास आणि दुपारचे जेवण दोन्ही वाचले. फेरपरीक्षा आणि नवे कॉलेज यांना एकमेकांचे पर्याय समजणे चूक आहे. दोन्ही मिळून एक धोरण होते.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार पगाराविना राहिले. त्या वर्षी आणि पुढच्या काही वर्षांत ज्या मुलांचे विषय अडकले, त्यांच्या जिद्दीत आदल्या वर्षीच्या मुलांपेक्षा काही उणे नव्हते. घरात येणारा पगार तेवढा थांबला होता.

आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत आणि बी.डी.डी. चाळी पाडून म्हाडा नवी संकुले उभारत आहे. 160 चौरस फुटांऐवजी 500 चौरस फुटांचे घर मिळते आहे. हे हक्काचे आहे आणि उशिराच मिळते आहे. पण पाच माणसांच्या घरात, दूरचित्रवाणी चालू असताना, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्याला 500 फुटांतही निवांत कोपरा सापडेलच असे नाही. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग या तिन्ही ठिकाणी राहायला जाणाऱ्या रहिवाशांनी सोसायटीच्या पहिल्याच सभेत एक ठराव करावा: प्रत्येक इमारतीत एक खोली अभ्यासिकेसाठी राखावी, ती रात्री बारापर्यंत उघडी असावी आणि तिथे बसायला वयाची किंवा कितव्या प्रयत्नाची अट नसावी. ज्या ना. म. जोशींच्या नावाचा तिथला रस्ता आहे, त्यांनी 1911 मध्ये वर्गणी मागून हेच काम सुरू केले होते.